अ‍ॅनिमे न आवडणाऱ्या ताईंना नेमकं काय दाखवावं?

तुम्ही लिहिलंय की ताईंना तुम्ही तीन गोष्टी दाखवून पाहिल्यात: 'नारुतो'चे सुरुवातीचे भाग, 'अटॅक ऑन टायटन'चा पहिला भाग आणि शाळेतल्या प्रेमाची एक मालिका. तिन्ही वेळा त्या मध्येच उठल्या. त्यांचं म्हणणं असं, की यातली माणसं माणसांसारखी वागत नाहीत, मनात आलं की ओरडून सांगतात. ताई चाळिशीच्या आहेत, वाचन दांडगं आहे, नाटकं आवर्जून बघतात. गोष्टीत फारसं काही घडलं नाही तरी त्यांना चालतं, पण माणूस उलगडत गेला पाहिजे. अशा व्यक्तीला पात्रप्रधान अ‍ॅनिमेपैकी, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपैकी, काय दाखवावं, हा तुमचा प्रश्न.

उत्तर आधी देऊन टाकते. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा १९९१ चा चित्रपट दाखवा. जपानीत त्याचं नाव 'ओमोहिदे पोरो पोरो', बाहेर तो 'ओन्ली यस्टरडे' म्हणून ओळखला जातो. एवढा एकच. दहा नावांची यादी हातात दिलीत तर त्या ती बाजूला ठेवतील आणि ते साहजिक आहे. पुढे जे लिहिते आहे ते तुमच्यासाठी: हाच का, आणि त्यानंतर काय.

पहिली गोष्ट म्हणजे ताईंची तक्रार रास्त आहे. तिचा प्रतिवाद करत बसू नका. मी अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांना पात्रांचा अभिनय शिकवते, म्हणजे चित्रातल्या माणसानं कसं बसावं, कसं वळून बघावं, गप्प कसं राहावं हे. त्यामुळे ही तक्रार कुठून येते ते मला रोज दिसतं. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुका यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चा पहिला भाग जपानी टीव्हीवर लागला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, पैसा तुटपुंजा, हात मोजके. पडद्यावरून सेकंदाला २४ चौकटी जातात. एकेक चित्र तीन चौकटी धरून ठेवलं की सेकंदाला आठ चित्रांत भागतं. तेझुकांच्या स्टुडिओनं ते केलं. अंग स्थिर ठेवून नुसते ओठ हलवले. एकदा काढलेल्या हालचाली जपून ठेवल्या आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरल्या. ही पद्धत पुढे सगळ्या टीव्ही अ‍ॅनिमेची झाली. आता पात्राचं अंगच बोलेनासं झालं की सगळा भार जातो तो संवादावर, आवाजावर आणि ठरलेल्या खुणांवर. कपाळावर फुगलेली शीर म्हणजे राग, डोक्याशेजारी घामाचा मोठा थेंब म्हणजे अवघडलेपण. या खुणा मांगातून, म्हणजे जपानी चित्रकथांतून आल्या. ज्यांनी लहानपणापासून त्या पाहिल्यात त्यांना थेंब दिसतच नाही, थेट भावना पोचते. ताईंना आधी थेंब दिसतो.

त्यात 'नारुतो' मुळात 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकातली कथा. मधूनच एखादा अंक हाती घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे की नायकाला काय हवंय, म्हणून नायक ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला ते भिडतं, भिडावंच. ताईंना ते त्यांच्या वयाचं वाटलं नाही, कारण ते त्यांच्या वयाचं नाहीच.

इथे एक मोह टाळा. ताईंच्या पिढीनं १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली पाहिलेला असतो, गुलजारांच्या शीर्षकगीतासकट. ती मालिका जपानी होती, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ सालची. 'बघ, तू लहानपणी अ‍ॅनिमेच बघत होतीस' असं सांगायला जीभ शिवशिवते. त्यानं वादात तुमची सरशी होईल, पण ताई पडद्यासमोर येऊन बसणार नाहीत. मोगलीची आठवण त्यांच्या लहानपणाची आहे, ती तशीच राहू द्या.

आता ताकाहाता. टीव्हीसाठी त्यांनीही बरंच काम केलं होतं. १९७४ ची 'हायडी' आणि १९७९ ची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' या वर्षभर चाललेल्या मालिका त्यांच्या. तिथेही चित्रं मोजकीच काढता येत होती, पण त्यांनी ती रोजच्या जगण्यावर खर्च केली: विस्तवावर चीज वितळतंय, कोणी गवतावर लोळतंय, कोणी खिडकीशी नुसतं बसलंय. त्याच तुटपुंज्या साधनांतून निघालेली ही दुसरी वाट आहे. पात्र थांबलं तर थांबू द्यायचं, त्याच्या तोंडी वाक्य कोंबायचं नाही. ताईंना या वाटेवरचं काही दाखवणं, एवढंच तुमचं काम आहे.

'ओन्ली यस्टरडे'ची ताएको २७ वर्षांची आहे. साल १९८२. टोकियोत नोकरी, लग्न झालेलं नाही आणि घरचे त्यावरून अधूनमधून बोलतात. ती सुट्टी काढून उत्तरेकडच्या यामागाता भागात जाते, थोरल्या बहिणीच्या सासरच्या नातेवाइकांकडे, शेतात राबायला. रात्रीच्या गाडीत तिला पाचवीतली, दहा वर्षांची ताएको आठवायला लागते आणि ती मुलगी मग तिची पाठ सोडत नाही. गोष्ट एवढीच. एक बाई आणि तिचं दहा वर्षांचं वय.

यातला अननसाचा प्रसंग तुम्ही आधी एकट्यानं बघून ठेवा. १९६६ चं टोकियो. अननस म्हणजे डब्यातला, पाकात बुडवलेल्या चकत्यांचा. एक दिवस घरात अख्खा, पानांच्या तुऱ्यासकट अननस येतो. तो कापायचा कसा हे कोणालाच माहीत नाही, म्हणून तो तसाच ठेवला जातो. मग थोरली बहीण कुठूनतरी शिकून येते. सगळं घर बैठ्या मेजाभोवती जमतं: वडील, आई, आजी, दोन मोठ्या बहिणी आणि धाकटी ताएको. आई सुरी चालवते, सगळे टक लावून बघतात, वास दरवळतो. एकेक फोड प्रत्येकाच्या बशीत. पहिला घास. आणि मग नुसतं चावणं. फळ कडक आहे, गोडही नाही. क्षणभर कोणी काही बोलत नाही. आजी एक वाक्य टाकते की एवढं काही विशेष नाही बाई. बहिणी आपापल्या फोडी पुढे सरकवतात. ज्या ताएकोला त्या फळाचं सगळ्यांत जास्त अप्रूप होतं ती मात्र खाते. चावत राहते, गाल फुगवून, मान खाली घालून.

या प्रसंगात 'माझा हिरमोड झाला' असं कोणीही म्हणत नाही. शीर फुगत नाही, थेंब येत नाही. सहा माणसांचे सहा स्वभाव एका फळाभोवती कळतात. ताईंची नेमकी जी तक्रार होती तिचं उत्तर इथे आहे, आणि ते वाद न घालता मिळतं.

थोडं कारागिरीबद्दल सांगते, कारण मला वाटतं यातच या चित्रपटाचं मोठेपण आहे. जपानमध्ये सहसा आधी चित्रं तयार होतात आणि मग नट त्यांवर आवाज देतात. इथे मोठी ताएको आणि तिला गावात भेटणारा तोशिओ यांचे आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि नटांचं बोलणं, हसणं बघून चेहरे काढले. म्हणून ताएको हसली की गालांवर रेषा उमटतात, खऱ्या माणसाच्या उमटतात तशा. अ‍ॅनिमेतल्या गुळगुळीत चेहऱ्यांची सवय असलेल्यांना त्या रेषा खटकतात. ती वयस्क दिसते असं माझे विद्यार्थी हमखास म्हणतात. ताईंना त्या खटकणार नाहीत असा माझा अंदाज आहे. आणि लहानपणाचा भाग अगदी वेगळा रंगवलाय: फिकट जलरंग, कडांकडे चित्र पांढऱ्यात विरून गेलेलं. आठवणीत खोलीचा कोपरा असा कोणाला आठवतो? मधलं तेवढं आठवतं. कॅमेऱ्यानं हे साधायला बरीच खटपट करावी लागली असती. चित्रात ते न सांगता येऊन बसतं.

ज्या शेतात ताएको राबते ते करडईचं आहे. आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्यात करडई म्हणजे तेलबी, आणि काट्यांमुळे काढणीला नकोसं पीक. यामागातात तिच्या पाकळ्या खुडून लाल रंग काढतात, ओठांना लावायचा. पहाटे दवानं काटे नरम असतात तेव्हाच खुडणी. पूर्वी ज्या मुली उघड्या हातांनी ही फुलं खुडायच्या त्यांच्या ओठांना तो रंग आयुष्यात लागला नाही, ही गोष्ट ताएको सांगते. तुमच्या घराला शेतीची पार्श्वभूमी असेल तर ताई इथे पुढे सरसावून बसतील. शहरी बाई सुट्टीपुरती शेतात रमते, यातला खोटेपणाही चित्रपट झाकत नाही. तोशिओ तिला सांगतो की हे डोंगर, ही रानं, हे ओढे, शहरातले लोक ज्याला निसर्ग म्हणतात ते सगळं शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या घडवलंय.

शेवटाकडे गावातली म्हातारी आजी ताएकोला एक सरळ प्रश्न विचारते आणि तिची स्वतःबद्दलची सगळी समजूत डळमळते. त्या घालमेलीत तिला वर्गातला आबे आठवतो. गरीब घरचा, मळक्या कपड्यांचा मुलगा. बाकीच्या मुली त्याला उघडपणे हिणवायच्या, ताएको कधी तसं बोलली नाही. शाळा सोडून जाताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवला, फक्त तिच्याशी मिळवला नाही. का, याचा तिनं लावलेला अर्थ एक आणि तोशिओनं लावलेला दुसरा. ताई त्यावर तुमच्याशी बोलतील. बोलल्या नाहीत तरी मनात घोळवतील. चित्रपट संपताना नावं सुरू झाली म्हणून बंद करू नका. खरा शेवट त्या नावांच्या खालूनच चालू असतो.

हा कोपऱ्यातला प्रयोग होता असंही समजू नका. १९९१ मध्ये जपानमध्ये सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट हाच. मूळ मांगात फक्त लहानपण आहे, मोठी ताएको ही ताकाहातांची भर.

बरेच जण अशा वेळी त्यांचाच १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सुचवतात. युद्धात उघड्यावर पडलेली भाऊ-बहीण, आणि बघून कोणाचाही जीव पिळवटतो. मी तो पहिला म्हणून कधी सुचवत नाही. माणूस सुन्न होतो, 'चांगला आहे' म्हणतो आणि परत त्या दिशेला फिरकत नाही. रडू आलं म्हणजे माध्यम आवडलं असं होत नाही.

बघण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं, असंच लावा. नाटक बघणाऱ्या माणसाचा कान तयार असतो, भाषा कळली नाही तरी आवाजातला खरेपणा कळतो. शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहू नका. आपल्याला कोणी निरखतंय हे कळलं की माणूस आवडलं तरी कबूल करत नाही. मध्ये थांबवून जपानी चालीरीती समजावू नका. आणि 'थोडं थांब, पुढे मजा येते' हे वाक्य तर नकोच. अ‍ॅनिमेवाल्यांत तीन भाग बघून मग ठरवायची पद्धत आहे, ती आपल्यासाठी ठीक. ज्याला मुळात नावड आहे त्याच्याकडे तीन भागांइतका धीर मागू नये. पहिली वीस मिनिटं पकडणारी नसतील तर ती कलाकृती कितीही थोर असो, या कामासाठी ती चुकीची. म्हणूनच 'इव्हँगेलियन'सुद्धा आत्ता नको. त्यातली माणसं खोल आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला यंत्रमानवांच्या मालिकांची सवय लागते. आणि जे काही निवडाल त्यात मुलींच्या शरीरावर उगाच रेंगाळणारी चित्रं नाहीत ना, हे आधी स्वतः बघून घ्या. त्या एका कारणानं कित्येक बायका या माध्यमापासून कायमच्या दूर गेल्यात, आणि त्यांचं अजिबात चुकलेलं नाही.

आता दुसरी पायरी. ताईंना ताएको पटली, तर नाटकाची ओढ लक्षात घेऊन मी थेट 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' पुढे करीन. हारुको कुमोता यांच्या मांगावरची मालिका, पहिला खंड २०१६ चा १३ भागांचा, दुसरा २०१७ चा १२ भागांचा. राकुगो ही जपानची एकपात्री कथनकला. कलावंत उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि एक कापडी पंचा, बस. उठायचं नाही. मान डावीकडे वळली की एक पात्र, उजवीकडे वळली की दुसरं. त्या पंख्याचीच चॉपस्टिक होते, तलवार होते, पाइप होतो. आपल्याकडे एकपात्री प्रयोगांना गर्दी करणारा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत या कलेच्या आत शिरतो.

कथेत दोन तरुण एकाच गुरूकडे एकाच दिवशी येतात. एक किकुहिको: देखणा, शिस्तीचा, पाय अधू झाल्यामुळे नाचाच्या घरातून बाहेर पडलेला. दुसरा रस्त्यावरचा, गबाळा, पण तोंड उघडलं की बैठक हसवणारा. दोघांचा पहिला प्रयोग मालिकेत लागोपाठ येतो. किकुहिको बसतो, घाम फुटतो, आवाज बारीक होतो, लोक जांभया देतात. मग दुसरा येतो आणि तीच माणसं जागी होतात. दोघांच्या मैत्रीत हे शल्य तिथून पुढे कायमचं. हेवा आणि जिव्हाळा एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटणं, हे या मालिकेनं जितकं संयमानं धरलंय तितकं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. पुढे एका नाटुकल्यात किकुहिकोला स्त्रीवेशाची भूमिका मिळते आणि प्रेक्षकांची नजर आपल्यावर खिळलीय हे त्याला पहिल्यांदा जाणवतं. त्यानंतर राकुगो आपण नेमकं कशासाठी करायचं याचं उत्तर त्याला रंगमंचावर, कथा सांगता सांगता मिळतं. त्या प्रयोगात त्याच्या खांद्यांचा ताण कसा उतरतो ते बघा. मी तो तुकडा वर्गात आवाज बंद करून दाखवते. काय बदललं हे विद्यार्थ्यांना तरीही कळतं.

यात कथा सांगताना तुकडे पाडलेले नाहीत, लांबच्या लांब कथन सलग ऐकायला मिळतं. किकुहिकोचा आवाज अकिरा इशिदा यांचा. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत एकाच नटानं ते वय आवाजात उतरवत नेलंय. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे आणि तो तुरुंगातून सुटलेल्या एका उत्साही तरुणापासून सुरू होतो. तो तरुण जरा मोठ्यानं बोलतो, पण तो तसाच माणूस आहे आणि ते ताईंना लगेच कळेल.

'मार्च कम्स इन लाइक अ लायन' माझ्या फार जवळची मालिका आहे, तरी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. चिका उमिनो यांचा मांगा, शाफ्ट स्टुडिओ, २०१६ ते २०१८, एकूण ४४ भाग. रेइ किरियामा, १७ वर्षांचा व्यावसायिक शोगीपटू, शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आई-वडील आणि धाकटी बहीण अपघातात गेली, वडिलांच्या मित्रानं सांभाळलं, आणि त्या घरात याचा खेळ सख्ख्या मुलांपेक्षा वरचढ ठरला म्हणून घर विस्कटलं. आता तो नदीकाठच्या रिकाम्या खोलीत एकटा राहतो. पहिल्या भागाची सुरुवात जवळजवळ निःशब्द आहे. उठणं, चालणं, पटासमोर बसणं, समोर कोण बसलंय ते हळूहळू उमगणं. हे ताईंना आवडेल. मग तो तीन बहिणींच्या घरी जेवायला जातो आणि अचानक मांजरं बोलू लागतात, चेहरे छोटे होतात, सगळ्या त्याच खुणा. त्यामुळे ही पहिली दाखवलीत तर त्या तिथेच उठतील. दोन चांगल्या गोष्टी बघून विश्वास बसलेला असेल तर सोसतील.

सोसण्याजोगं मात्र आहे. दुसऱ्या खंडात मधली बहीण हिना वर्गात छळ होणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेते आणि मग छळ तिच्यावर उलटतो. एक दिवस ती एकाच पायात बूट घालून घरी येते. घरच्यांपुढे रडते, पळत नदीकाठी जाते, रेइ मागे जातो. हुंदके देता देता ती सांगते की मी चुकले नाही, अजिबात चुकले नाही. रेइ स्वतः शाळेत असाच एकटा पडलेला मुलगा. त्या मुलीनं आत्ता जे केलं त्यानं आपलं लहानपण वाचवलं, असं त्याला वाटतं, आणि त्या क्षणी तो स्वतःभोवती घालून घेतलेल्या कुंपणाबाहेर येतो. घरी आजोबा, गोडाधोडाचं दुकान चालवणारे, नातीला रागवतील की काय असं वाटत असताना तिचं तोंड भरून कौतुक करतात. ताईंना शाळकरी मुलांच्या गोष्टी नकोत हे मला मान्य आहे. पण त्या नकोशा वाटतात त्या मुलं बाहुल्यांसारखी काढली म्हणून. हिनाचं तसं नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. त्यांना रहस्यकथा आवडत असतील तर 'मॉन्स्टर', २००४-०५, ७४ भाग. डसेलडॉर्फमधला जपानी मेंदू शल्यविशारद तेन्मा, महापौराला बाजूला ठेवून आधी आलेल्या जखमी मुलाला वाचवतो, आणि नऊ वर्षांनी कळतं की आपण कोणाला वाचवलं. चेहरे खऱ्या माणसांसारखे, कोणाचं ओरडणं नाही. लुंगे नावाचा पोलीस अधिकारी बोलता बोलता हवेत टंकलेखनासारखी बोटं चालवतो, ऐकलेलं डोक्यात साठवण्यासाठी. एवढ्या एका सवयीतून त्या माणसाचं सगळं घरदार कळतं. लांबी मात्र खरोखर जास्त आहे, मधले काही भाग रेंगाळतात.

सातोशी कोन यांचा २००३ चा 'टोकियो गॉडफादर्स' एका संध्याकाळचा ऐवज आहे. नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं मूल सापडतं: एक दारुडा, एक तृतीयपंथी बाई हाना आणि घरातून पळालेली एक मुलगी. हाना जोरात बोलते, जोरात रडते, आणि तरीही ती क्षणभर खोटी वाटत नाही. योगायोग बेसुमार आहेत, ते त्यांना चालतील की नाही हे तुम्हीच जाणता.

नाओको यामादा यांचा 'अ सायलेंट व्हॉइस', २०१६, मी थोडा राखून ठेवीन. लहानपणी कर्णबधिर मुलीला छळलेला मुलगा मोठेपणी कोणाच्या डोळ्यांत बघू शकत नाही. त्याच्या नजरेतून दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर निळी फुली मारलेली आहे. विश्वास बसला की ती फुली गळून पडते. हे फक्त चित्रातच शक्य आहे. पण त्यात आत्महत्येचा विषय सुरुवातीपासून आहे, ताईंची मनःस्थिती बघून ठरवा. 'फ्रीरेन' आत्ता नको. पराक्रम संपल्यानंतर उरलेल्या आयुष्याची ती सुंदर गोष्ट आहे, पण जादू आणि राक्षस पहिल्या चौकटीपासून आहेत. त्याची वेळ पुढे येईल.

चित्रपट संपल्यावर लगेच 'कसा वाटला?' विचारू नका. त्या आपणहून अननसाबद्दल, आबेबद्दल, किंवा 'असं आमच्याही घरी झालं होतं' असं काही बोलल्या, तर आठवडाभरात राकुगोचा पहिला भाग लावा. 'बरा होता' एवढंच म्हणाल्या तर महिनाभर विषय काढू नका आणि मग एखाद्या मोकळ्या संध्याकाळी 'टोकियो गॉडफादर्स' लावा. आणि चित्रातला माणूस मला खरा वाटतच नाही, खऱ्या नटाचा चेहराच लागतो, असं त्यांनी सांगितलं तर तिथे थांबा. अशी माणसं असतात, त्यांच्या रसिकतेत काही उणं नसतं. मग त्यांच्या आवडीचं नाटक कोणतं ते विचारा आणि पुढचं तिकीट दोघांचं काढा.